जर्मन गाडीची किक

ती सकाळ अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. रायपूरच्या आमच्या पोलीस ठाण्यात एकाच बाकावर नवरा-बायको दोन टोकांना बसले होते. काका रेल्वेतून निवृत्त झालेले, मूळचे वर्ध्याकडचे. एका जर्मन इंजिनिअरनं देश सोडताना त्यांना दिलेली जुनी मोटरसायकल अंगणातून चोरीला गेली होती. कोणावर संशय आहे का, असं मी विचारलं, तर त्यांनी चक्क बायकोकडे बोट दाखवलं.

"हिनंच विकली, साहेब. रोज म्हणे, भंगारात देऊन टाकीन."

"म्हटलं तं म्हटलं! पण विकीन काहून?" काकू उसळल्या. "जन्म गेला, तरी एवढंच ओळखलं का मले?"

काका त्यांच्या हातचा चहासुद्धा घेत नव्हते. चोरी भरदुपारी झाली होती. काका सदर बाजारला गेलेले, काकू घरात. कूलरच्या आवाजात झोप लागली होती, असं त्या सांगत होत्या. अंगणातून एवढं धूड जातं आणि घरातल्या माणसाला पत्ता नाही, हे मलाही पटेना. गुन्हा दाखल केला आणि खबऱ्यांना कामाला लावलं.

त्याच आठवड्यात एकाचा फोन आला. "साहब, भनपुरी के गोदाम में अजीब गाड़ी उतरी है. इंजन दोनों तरफ बाहर निकला है, और चेन तो है ही नहीं."

काकांनी तक्रारीत सांगितलेल्या खुणा याच होत्या. मी जीप काढली. त्या गाडीचे दोन सिलिंडर खरंच डाव्या-उजव्या अंगाला बाहेर आलेले, आणि मागचं चाक साखळीऐवजी दांड्यानं फिरणारं. गोदाम जुन्या गाड्यांच्या एका दलालाचं होतं. इंजिनावरचा नंबर घासलेला, रंग ताजा. पंचनामा करून गाडी आणि दलाल दोघांना ठाण्यात आणलं.

"दादाजी की है साहब, बचपन से चला रहा हूँ." कितीही फिरवून विचारा, पठ्ठ्या हेच एक वाक्य धरून बसला. अशा माणसाला बोलायला लावून उपयोग नसतो, काहीतरी करायला लावावं लागतं. ओळख पटवायला काका-काकूंना बोलावलं आणि त्यांच्यादेखत त्याला म्हटलं, "बचपन से चलाता है ना? चल, स्टार्ट कर."

तो ऐटीत सीटवर बसला आणि उजव्या पायानं किक शोधू लागला. तिथं किक नव्हतीच. डावीकडे सापडली, तर तो ती मागे रेटू लागला. ती जागची हलेना.

"सरक, भैया." काकूंनी पदर खोचला. गाडीच्या डाव्या बाजूला जमिनीवर उभ्या राहिल्या. दोन्ही कार्ब्युरेटरची बटणं पेट्रोल पाझरेपर्यंत दाबली. हेडलाइटच्या माथ्यावरची खिळ्यासारखी चावी खाली दाबली आणि किक आडवी, बाहेरच्या बाजूला मारली. दुसऱ्या किकला इंजिन लागलं. ॲक्सिलरेटर देताच गाडी उजवीकडे कलली. काकूंनी हँडल आधीच घट्ट धरलं होतं, दलाल मात्र दचकून मागे सरला.

"यांच्या उजव्या पायात रॉड आहे, साहेब. तेव्हापासून किक मीच मारून राहिली. वर बसावं लागत नाही, लुगड्यातही जमते. पाय माझा दुखते, म्हणून तं गाडीले शिव्या देते!"

दलालाचा चेहरा उतरला. "आदमी भेजकर दीदी से दो बार माँगी थी, साहब. दोनों बार भगा दिया. बोलीं, इनकी जान है उसमें. तीसरी बार पूछा नहीं, उठा ली."

काका थक्क झाले. "हे मले सांगितलं नाही तू?"

"सांगितलं असतं तं डोक्यावर चढून बसले असते!"

शिपायानं चहा आणला. काकांनी त्याच्याकडून ग्लास घेतला नाही. काकूंकडे बघून म्हणाले, "तू दे."

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. म्हणून अंगणातून गाडी वाहून नेणाऱ्या टेम्पोवाल्याला शोधून त्याचा जबाब घेतला, केस पक्की केली. पुढे कोर्टाच्या आदेशानं काकांना गाडी सुपूर्दनाम्यावर, म्हणजे खटला संपेपर्यंत सांभाळायच्या हमीवर, परत मिळाली.

त्यानंतर घरातल्या चोरीत मी आधी विचारायचो, ही वस्तू रोज कोण हाताळतं? आणि त्या वस्तूच्या नावानं कुरकुर करणाऱ्यावर मी पुन्हा कधी पहिला संशय घेतला नाही.

गाडी न्यायला दोघं आले, तेव्हा काका पुढे बसले. काकूंनी खालूनच किक मारली आणि मागे बसून त्यांचा खांदा धरला.

"हळू चालवा, नाही तं आता खरंच विकीन," असं म्हणाल्या आणि दोघं घराकडे निघाले.