मामांची पेटी आनि माजी न दचकनारी पोर

बोईसरपासून तारापूरपर्यंत गिटार वाजवायच्या आधी चुलीसारखी पेटी तापवत बसनारा मानूस एकच हाय, आनि तो नेमका माज्या भिंतीपलीकडं रायतो. ते माजे मामेसासरे, म्हंजे माज्या सासूबायचे धाकटे भाऊ. लग्न केलं नाय, पोरंबाळं नायत. कारखान्यात वायरमनची पयली पाळी करून तीनला घरी येतात, पाय धुतात, देवाला हात जोडतात आनि पेटीचं बटन दाबतात. मग पाच मिनिटं त्यांच्याशी कुनी बोलायचं नाय. पेटी म्हंजे बाजाची नव्हं, गिटारची वायर जोडून आवाज मोठा करनारा विजेचा खोका; तिच्या पाठीमागं काचेचे व्हॉल हायत, जुन्या रेडिओत असायचे तसले, ते लाल होईस्तवर मामा डोळे मिटून बसतात. मी नवीन लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, जप करतात. मी चप्पल काढून, डोक्यावर पदर घेऊन दारात उभी रायले. तेवढ्यात पेटीतून असा काय आवाज निघाला की मी चप्पल तिथंच टाकून थेट विहिरीपर्यंत पळाले.

ही पेटी आली कुठून, तर तारापूरला बांधकामावर परदेशी साहेब लोक आले होते तेव्हा मामा एका साहेबाच्या बंगल्यावर वायरिंगला होते. साहेब पायरीवर बसून गिटार वाजवायचा आनि मामा खांबावर चढून ऐकायचे, एका दिवसाचं काम चार दिवस पुरवायचे. जाताना साहेबानं गिटार, पेटी आनि पाच-सहा तबकड्या मामांच्याच गळ्यात घातल्या. पेटी तिकडच्या कमी विजेवर चालनारी. मामांनी आनंदाच्या भरात ती तशीच आपल्या विजेला लावली, आनि आख्ख्या आळीचे दिवे गेले. वायरमन मानूस हां! आता मधे वीज कमी करनारा डबा हाय, तरी आळीतल्या बायका अजून त्यांना बघितलं की मेनबत्ती शोधतात.

मी एकदा धीर करून इचारलं, "मामा, हे गानं कसलं?"

"ब्लूज. म्हंजे रडायचं, पन तालात."

"आनि सारखं तेच तेच काय?"

"अगं, एक ओळ म्हनायची, तीच परत म्हनायची, आनि तिसऱ्यांदा जबाब द्यायचा. तुजी सासू भांडते ना, तस्सं."

भिंतीपलीकडून सासूबाय ओरडल्या, "मेल्या, मी भांडते काय? मेल्या, मी भांडते काय? तुज्या पेटीला वाळवी लागो!"

मामांनी बोट वर केलं. "बघ. बरोबर तीन."

एकदा पेटी पालघरला दुरुस्तीला दिली, तर त्या रेडिओवाल्यानं व्हॉल बदलला आनि वर कौतुकानं सांगितलं, "काका, आवाज फाटत होता, तो पन नीट करून टाकला." मामा ओरडले, "अरे, फाटायसाठीच तर ठेवली होती ती!" परत पयल्यासारखी फाडून मिळेपर्यंत मामांना जेवन गेलं नाय.

मी आता हसते हाय, पन पोर झाली तेव्हा माजं हसू पळालं होतं. मला आई नाय, म्हनून बाळंतपन सासरीच झालं. पेटी वाजली की शेजारच्या कोंबड्या पत्र्यावर चढायच्या, आनि माजी पोर झोळीत गाढ. पाच महिन्यांची झाली तरी दचकायची नाय. मी झोळीमागं जाऊन ताट वाजवलं, डबा आपटला, पोर हलली पन नाय. जागी असली की हसायची, पन मला बघून हसते की ऐकून, ते कसं कळनार? डॉक्टरला इचारायची भीती, ते हो म्हनाले तर? ह्यांना सांगितलं तर हे म्हनतात, "झोपते ते बरंय की." शेवटी मी मामांकडं गेले. "मामा, पोरीला ऐकू येत नाय वाटतं. तुमच्या पेटीनं तर..." मामांनी कपबशी खाली ठेवली आनि खाटेवरची गोधडी ओढली. त्या दिवसापासून पेटीवर गोधडी.

आनि दुसऱ्याच दुपारी तीनला पोर रडायला लागली. तिसऱ्या दिवशी तीनला परत. हिंग लावला, मीठ-मोहऱ्या उतरवल्या, काय उपेग नाय. आठव्या दिवशी दुपारी मनोरचा बँडवाला टेम्पो घेऊन दारात. मामांनी त्याला पेटी देऊन टाकायची ठरवली होती. वाळवीचा शाप देनाऱ्या सासूबायच टेम्पोला आडव्या आल्या. "खरंच देतोस?"

"पोरीच्या कानापेक्षा मोठी हाय का ती, ताय?"

बँडवाला म्हनाला, "चालू करून तरी दाखवा. बंद खोका नेऊ काय?"

मामांनी माज्याकडं बघितलं. पोर माज्या खांद्यावर किंचाळत होती. मी मान हलवली. बटन दाबलं. तार छेडलीच नव्हती अजून, व्हॉल तापताना पेटी नुसती घूं घूं करत होती, आनि पोर गप्प! मान वळवून थेट मामांच्या खोलीकडं बघायला लागली. मामांनी बटन बंद केलं, पोरीनं भोकाड पसरलं. चालू केलं, गप्प. असं पाच वेळा.

"काका," बँडवाला म्हनाला, "पेटी बिघडलीय की पोर?"

मामा गोधडीत तोंड घालून बसले ते उठेनात. मी ताट वाजवायचे ते पेटी चालू असतानाच, कारन तेव्हाच पोर झोपायची. त्या आवाजात माजं ताट ऐकनार कोन? पोटात होती तेव्हापासून तिचं अंगाईगीत ते. ती दचकायची ते शांततेला. टेम्पो रिकामा परत गेला, आनि सासूबायनं बँडवाल्याला वर चहा पाजला.

आता पोर दोन वर्षांची हाय. परवा मामांनी व्हॉल बदलला आनि रिकामं खोकं मला दाखवलं. "हा शेवटचा. मुंबईला पन इचारलं, आता कुठं मिळत नाय."

"किती दिवस चालंल, मामा?"

"जपून वापरला तर बरेच."

तेव्हापासून पोर झोपेपर्यंतच वाजवतात आनि बटन बंद करतात. पन मी बघते ना, पोर डोळे मिटून पडते, आनि मामांचा हात थांबायला आला की हळूच एक डोळा उघडते. मामा परत सुरू करतात. मी बाजूलाच बसलेली असते. थोपटलं तर लगेच झोपंल, म्हनून थोपटत नाय.