स्वहस्ते लिहिण्याची परवानगी

हिंगोली जिल्हा वेगळा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. वर्तमानपत्राच्या डेस्कवरची नोकरी सोडून मी वसमत भागातल्या एका लहान महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवू लागलो होतो. अर्ज बरे लिहितो म्हणून प्राचार्यांनी अपंग विद्यार्थ्यांचं काम माझ्याकडे दिलं. ते काम म्हणजे नक्की काय, हे त्यांनाही सांगता आलं नाही.

जूनमध्ये हट्टा गावाकडचा एक मेंढपाळ मुलीला घेऊन कार्यालयात आला. मुलगी बारावी पास होती. नऊ वर्षांची असताना तापात तिचं ऐकणं गेलं होतं. त्यामुळे तिला बोलता यायचं, पण आपला आवाज किती मोठा निघतो याचा अंदाज नसायचा. समोरच्याचे ओठ दिसले की बहुतेक बोलणं तिला कळायचं.

मोठ्या बाबूंनी अर्जावरून नजर वर केली. "मामा, बहिरी हाये तर कॉलेजात काहून घातली?"

"बारावीत बी बहिरीच होती," बाप म्हणाला. "पास झाली."

"इथं सर लोक तोंडानं शिकवतेत."

"तोंड दिसलं म्हंजे झालं तिला."

प्रवेश झाल्यावर बापाने मला व्हरांड्यात गाठलं. "सर, घरात बोलणं झालेलं हाये. एकदा जरी नापास झाली तर मेंढरामागं. तिचा आजा ऐकायचा न्हाई, अन् मला बी मग त्याला थांबवता यायचं न्हाई." मुलगी त्याच्या ओठांकडे बघत होती. अट तिला माहीत होती.

तिला काय लागतं ते मी तिलाच विचारलं. पुढचा बाक. बोलताना शिक्षकाचं तोंड वर्गाकडे. तोंडी दिलेली सूचना फळ्यावरही लिहिलेली. मी हे एका पानावर टाईप करून सगळ्या प्राध्यापकांकडे फिरवलं. सगळ्यांनी 'वाचले' म्हणून सह्या केल्या.

आमच्याकडे शिकवणं म्हणजे नोट्स सांगणं. इतिहासाचे सर एक जुनी वही घेऊन बाकांच्या मधून फिरत आणि वाक्य दोनदा सांगत. ते मागच्या भिंतीपाशी गेले की पुढच्या बाकावरच्या त्या मुलीसाठी तास संपलेला असे. समोर असले तरी उपयोग नव्हता. त्यांच्या मिशा वरच्या ओठावरून खाली उतरलेल्या होत्या. तिने मला ते सरळ सांगितलं, "त्यांचं तोंडच दिसत न्हाई, सर." मी स्टाफरूममध्ये शक्य तितक्या नरमाईने विषय काढला.

"म्हणजे आता बहिऱ्या पोरीसाठी मिशी काढू का मी?" इतिहासाचे सर म्हणाले.

"काढू नका, थोडी उचलून धरा," इंग्रजीचे सर म्हणाले. "एका हातात वही, एका हातात मिशी."

स्टाफरूम हसली. नंतर इतिहासाचे सर मला वर्षभर 'मिशीवाल्यांचे शत्रू' म्हणत राहिले. प्राचार्यांकडे गेलो तर ते म्हणाले, "ते सीनिअर आहेत. त्यांना मी काय सांगणार?" इतिहासाच्या नोट्स ती दुसऱ्या मुलीच्या वहीवरून एसटी स्टँडवर बसून उतरवून घेऊ लागली. रोज, गाडी येईपर्यंत. गाडी लवकर आली तर तेवढा भाग राहायचा.

परीक्षेचे फॉर्म आले तेव्हा कळलं की विद्यापीठाकडे अपंगांसाठी एकच अर्ज आहे. दिसत नसो, ऐकू येत नसो, चालता येत नसो, अर्ज एकच आणि त्यात मागता येणारी सोयही एकच. ती म्हणजे लेखनिक, उमेदवार सांगेल ते लिहून घेणारा, त्याच्याहून खालच्या वर्गातला विद्यार्थी.

"हिला लेखनिक नको," मी बाबूंना म्हटलं. "प्रश्नपत्रिकेतली चूक हॉलमध्ये तोंडी सांगतात, ती हिला लेखी मिळावी. एवढंच पाहिजे."

"त्याला फॉर्म न्हाई, सर. हा भरला तर ती अपंग म्हणून रजिस्टरला लागते. मग मागा काय मागायचं ते. लेखनिक दिला तर दिला, बसू द्यायचा बाजूला."

मी सही केली. डेस्कवर असताना जाहिरातीचं प्रूफसुद्धा शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय मी सोडलं नव्हतं. या अर्जाच्या तळाला बारीक अक्षरात एक ओळ होती. लेखनिक मंजूर झालेल्या उमेदवारास उत्तरपत्रिकेत स्वतः लिहिता येणार नाही. ती ओळ मी वाचली, पण परीक्षा झाल्यावर.

लेखनिक मंजूर झाला. पहिलाच पेपर इतिहासाचा होता. त्या दिवशी माझी ड्यूटी दुसऱ्या इमारतीत होती. पुढचं मला लेखनिक म्हणून बसवलेल्या अकरावीच्या मुलीने सांगितलं.

दोघींना वेगळी खोली दिली होती. मुलीने पेन काढलं. पर्यवेक्षकांनी ते तिच्या हातातून काढून घेतलं, अकरावीच्या मुलीला दिलं आणि हिला बोटाने खूण केली, सांग. ती सांगू लागली. तिचा आवाज तिच्या नेहमीच्या पट्टीत होता. शेजारच्या हॉलमध्ये सत्तावनच्या उठावाची कारणं स्वच्छ ऐकू जाऊ लागली. भिंतीपलीकडून कुणीतरी ओरडलं, "ताई, जरा दमानं सांगा, लिहून घेऊन राहिलो आमी." सगळा हॉल हसला. तिच्या खोलीतले पर्यवेक्षकही हसले. ते हसताना तिला दिसले. कशाला हसतात हे तिने अकरावीच्या मुलीला विचारलं आणि त्या मुलीने खरं ते सांगितलं.

तिने पेन परत घेतलं. पर्यवेक्षक काहीतरी बोलत राहिले. तिने मान वर केली नाही, त्यामुळे ते काय म्हणाले हे तिला कळायचा प्रश्नच नव्हता. उरलेला पेपर तिने स्वतः लिहिला. पर्यवेक्षकांनी अहवाल पाठवला. एका उत्तरपत्रिकेत दोन हस्ताक्षरं, मनाई असताना स्वतः लेखन, शेजारच्या उमेदवारांना उत्तरं पुरवली. गैरप्रकाराची केस झाली. बाकीच्या पेपरांना तिला लेखनिकाशिवाय, पण 'निर्णयाच्या अधीन राहून' बसू दिलं.

निकालात तिच्या नावापुढे 'राखून ठेवला' असं लागलं. जुलैमध्ये विद्यापीठाने सुनावणीला बोलावलं. बाप, मुलगी आणि मी पहाटेच्या गाडीने निघालो. टेबलामागे समितीचे तिघं होते. अध्यक्ष फाईलमध्ये बघूनच बोलत होते.

"तुला लेखनिक दिला होता. तरी स्वतः का लिहिलंस?"

ती त्यांच्या टकलाकडे बघत राहिली. मी प्रश्न कागदावर लिहून तिच्यापुढे सरकवला. उजवीकडच्या सदस्यांनी हात पुढे करून तो कागद उचलला. "प्राध्यापक महाशय, उत्तरं सुचवू नका."

"हा तुमचाच प्रश्न आहे. तिला ऐकू येत नाही."

"ते आमच्यापुढे आहे," अध्यक्ष म्हणाले. "म्हणून तर लेखनिक दिला."

अर्ज मी भरला होता. मी एवढंच म्हणालो की चूक माझ्या सहीची आहे, शिक्षा मुलीला नको. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. सही कुणाची याच्याशी समितीला कर्तव्य नव्हतं.

मग तिने स्वतःच बोलायला सुरुवात केली. काय चाललंय हे तिने त्यांच्या चेहऱ्यांवरून ओळखलं असावं. "कान गेलेत माझे. हात हायेत." आवाज व्हरांड्यापर्यंत गेला. दारातला शिपाई आत डोकावला. अध्यक्षांनी पहिल्यांदा वर पाहिलं आणि म्हणाले, "हळू बोल." हे मात्र तिला कळलं.

निर्णय आठवड्याने पत्राने आला. इतिहासाचा पेपर रद्द. ऑक्टोबरमध्ये पुन्हा बसता येईल. 'सदर विद्यार्थिनीस विशेष बाब म्हणून स्वहस्ते लिहिण्याची परवानगी देण्यात येत आहे. हा पायंडा समजण्यात येऊ नये.'

मी बापाला पत्र वाचून दाखवलं.

"रद्द म्हंजे नापास का?"

"नाही. नापास व्हायला पेपर तपासावा लागतो."

"मग घरी तसंच सांगतो. नापास न्हाई झाली." त्याने हे तिच्याकडे तोंड करून पुन्हा सांगितलं, प्रत्येक शब्द सुटा. दुसऱ्या दिवशी ती दुसऱ्या वर्षाच्या वर्गात येऊन पुढच्या बाकावर बसली. इतिहासाचे सर वही घेऊन मागच्या भिंतीकडे चालत गेले.

ऑक्टोबरमध्ये तिने परवानगीचं पत्र पर्यवेक्षकांना दाखवलं, त्यांनी ते केंद्रप्रमुखांकडे पाठवलं, ते परत येईपर्यंत ती कोऱ्या उत्तरपत्रिकेसमोर हात मांडीवर ठेवून बसून राहिली. गेलेली पंधरा मिनिटं कुणी भरून दिली नाहीत. ती पास झाली, आणि आजाने मेंढरांचा विषय काढला नाही. उन्हाळ्यातल्या उत्तरपत्रिकेला किती गुण पडले असते हे तिला जाणून घ्यायचं होतं. मी विद्यापीठाला तसं पत्र लिहिलं. उत्तर आलं की रद्द केलेल्या उत्तरपत्रिका तपासल्या जात नाहीत, आणि ती उत्तरपत्रिका नष्ट करण्यात आली आहे. ते पत्र मी तिला वाचायला दिलं. तिने ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "त्या टायमाला जास्त चांगलं लिहिलं होतं, सर."