वसुधाकाकूंचा चमचा थांबला की

वसुधाकाकू गेल्या. आज सकाळी, श्रूजबरीतल्या घरी, झोपेतच.

वाईट बातमी पहिल्या ओळीत सांगायची, हे त्यांनीच शिकवलं. म्हणून तशीच सांगितली.

ज्यांना त्या माहीत नाहीत त्यांच्यासाठी: काकू मूळच्या नागपूरच्या. आमच्या युनिव्हर्सिटीत प्रोफेसरांचे पेपर आणि ग्रँटचे अर्ज तपासून देणं ही त्यांची नोकरी.

आणि मंगळवारी लंचला, स्वतःच्या हौसेने, बाकीच्या स्टाफला लिहायला शिकवायच्या. लॅब टेक्निशियन, लायब्ररीवाले, ऑफिसातल्या बायका, आणि मी.

मी म्हणजे बेसमेंटचा माणूस. मिरजेत आयटीआय केलं, रेफ्रिजरेशनमध्ये. भावामागून ग्रीन कार्डवर इथे अमेरिकेत आलो. मशीन बिघडायच्या आधी मला कानाने कळतं.

कागदावर मात्र माझं काही चालायचं नाही.

काकूंची पद्धत साधी. आपण मोठ्याने वाचायचं, त्या डबा खात ऐकणार. पेन नाही, लाल खुणा नाहीत.

ज्या वाक्याला त्यांचा चमचा थांबेल, ते तुमचं खरं वाक्य. ते उचलून वर न्यायचं. बाकीचं लागलंच तर ठेवायचं.

"पोटभर जेवू दिलंस रे," असं म्हणाल्या की समजायचं, पत्र वाया गेलं.

मला त्यांनी बरेचदा पोटभर जेवून दाखवलं आहे.

आमच्या लॅबच्या बिल्डिंगमध्ये एक फ्रीझर रूम आहे. आत प्रोफेसरांनी वर्षानुवर्षं जमवलेले सॅम्पल. ती खोली थंड ठेवणाऱ्या युनिटचा कंप्रेसर एका मार्चमध्ये आतून टकटक करायला लागला. अगदी बारीक. दुसऱ्या कोणाला ऐकूही येत नव्हतं.

मला ऐकू येत होतं. तो उन्हाळा काढणार नव्हता.

डायरेक्टरला तीन ईमेल केले. उत्तर नाही.

युनिट बंद पडलं असतं तर सॅम्पल गेले असते आणि माझी नोकरीही. आधी दुसऱ्या बिल्डिंगमध्ये असंच झालं होतं. तेव्हा घरी कोणाला पाठवलं ते मी पाहिलं होतं. डायरेक्टरला नाही.

तिसरा ईमेल घेऊन मंगळवारच्या टेबलावर गेलो आणि वाचायला लागलो. आपण कुशल असाल अशी आशा. आपल्या मार्गदर्शनाबद्दल आभार. मग युनिट कधी बसवलं, कोणी बसवलं, सर्व्हिस कधी कधी झाली.

काकू शांतपणे वरण-भात खात होत्या.

अगदी शेवटी, "थँकिंग यू"च्या वर: सदर युनिट जुलैपर्यंत बंद पडण्याची शक्यता आहे.

चमचा हवेतच थांबला.

"काहून रे दत्ता, हे तळाशी दडवून ठेवलंस?"

"एकदम कसं सांगायचं, काकू? वरचा माणूस आहे. बरं दिसत नाही."

"कोणी गेल्याची बातमी द्यायची असली तर कशी देतोस?"

"आधी बसा म्हणतो. पाणी देतो. इकडचं तिकडचं बोलतो, मग..."

"तेच केलंयस. तीन ईमेल नुसतं पाणी पाजतोयस. तो माणूस पाणी पिऊन उठून गेला. बातमी राहिली तुझ्यापाशीच."

मग त्यांनी हे सगळं शेजारी बसलेल्या क्वामेला इंग्लिशमध्ये सांगितलं. क्वामे लायब्ररीतला, घानाचा. तो म्हणाला, आमच्याकडे तर पाण्यानंतर घरातल्या एकेकाची चौकशीही करावी लागते. आणि त्याने स्वतःचं पत्र हळूच घडी करून खिशात ठेवलं.

काकू परत माझ्याकडे वळल्या. "आणि 'शक्यता आहे' कशाला? तुला ऐकू आलं ना?"

"आलं."

"मग लिही, मला ऐकू आलं."

तिथेच फोनवर लिहिलं. चार ओळी.

फ्रीझर रूमचं युनिट जुलैच्या आत बंद पडेल. कंप्रेसर आतून वाजतोय, मी रोज ऐकतो. बंद पडलं तर सॅम्पल काही तासांत जातील. या आठवड्यात खाली येऊन ऐका.

दुसऱ्या दिवशी डायरेक्टर बेसमेंटमध्ये आले. पहिल्यांदाच. मशीनला कान लावून बराच वेळ उभे राहिले. त्यांना काही ऐकू आलं असं मला वाटत नाही. पण ऑर्डर त्याच दुपारी गेली आणि मेमध्ये नवं युनिट बसलं.

आज त्या बिल्डिंगचा मॅनेजर मी आहे. इंटरव्ह्यूला डायरेक्टरने त्याच चार ओळी प्रिंट करून समोर ठेवल्या होत्या.

मग मागचा नोव्हेंबर. मंगळवार. काकूंनी डबा उघडलाच नाही.

"दत्ता, मला पॅनक्रियाजचा कॅन्सर आहे. सहा महिने म्हणतात."

आणि स्वतःची बाटली माझ्याकडे सरकवली.

"आता बस. पाणी घे."

बसलो. प्यायलो.

"बघ," त्या म्हणाल्या, "वर सांगून टाकलं की खाली बोलायला किती जागा उरते."

खरं होतं. पुढचे सगळे मंगळवार आम्ही बोललो. कोणी काही लपवत नव्हतं, त्यामुळे हसायलाही भरपूर वेळ मिळाला.

मागच्या रविवारी काकूंच्या घरी गेलो. त्यांची मुलगी नेहा, इथेच वाढलेली, दारातच म्हणाली, "शी इज नॉट ईटिंग, काका."

मी युनिव्हर्सिटीला द्यायचं पत्र सोबत नेलं होतं. काकूंनंतर मंगळवारचं काय, हा प्रश्न वरून दोनदा आला होता. बंद करायला युनिव्हर्सिटीला कारणच हवं होतं. उशाशी बसून वाचायला लागलो.

"मंगळवारचं टेबल यापुढे मी चालवणार आहे."

हातात चमचा नव्हता. पण डोळे उघडले.

"बस. पुढे वाचू नकोस," म्हणाल्या. "झालं ते."

पुढे पाऊण पान होतं. सोमवारी ते काढून टाकलं आणि एक ओळ पाठवली. संध्याकाळी उत्तर आलं: ओके.

तर स्टाफपैकी ज्यांचं पत्र कुठे अडकलंय त्यांनी यावं. मंगळवारी बारा वाजता, खिडकीजवळचं तेच टेबल. मोठ्याने वाचा. मी जेवत ऐकेन.

काकू, मनापासून शेवटचा नमस्कार.

पोस्ट लांबली. पण बातमी वर आहे.