आरोंद्याची चिपी आणि साहेबांचं गाऱ्हाणं

सावंतवाडीला आरोंद्याची एसटी पकडली. पकडली म्हणजे दांडी पकडली. बसायला जागा मिळाली ती परतताना. सोबत पुण्याच्या कचेरीतला मित्र वसंता होता, त्याच्याच गावी निघालो होतो.

खाडी दिसली आणि कंबर दुखायची थांबली. एका बाजूला चिपी (खाऱ्या चिखलात वाढणारी झाडं) हिरवीगार, दाट. दुसऱ्या बाजूला नुसता उघडा चिखल.

"हे काय रे?"

"विकास," वसंता म्हणाला.

झालं होतं असं, की गेल्या साली सरकारी साहेब वृक्षारोपणाला आले. झाडं लावायला जागा हवी, म्हणून त्यांनी आधी झाडं तोडली! वा रे अक्कल! मग चिखलात सुरूची रोपं खोचली, फोटो काढले आणि जीप गेली. पुढच्या भरतीला रोपंही गेली. आता उरलेल्या चिपीचंही असंच भलं व्हायचं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी.

जेवताना वसंताच्या आईने, जानकीकाकीने, तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं वाढलं. मी निर्लज्जपणे पुन्हा पुन्हा मागून घेतलं.

"खा रे झिला, पोटभर खा," काकी म्हणाली. "चिपी गेली काय तिसरे पण गेले. तोडलेल्या बाजूक आता एक गावणा नाय. माझी चूल तेच्यारच चलता रे."

तिने पदर डोळ्यांना लावला. मी पुढे केलेली वाटी मागे घेतली.

सकाळी साहेब आले. इथे कुठलंही काम गाऱ्हाण्याशिवाय (देवाला जाहीर साकडं घातल्याशिवाय) सुरू होत नाही. म्हातारे गावकर (गावचे मानकरी) आबा नारळ घेऊन उभे राहिले. त्यांच्या प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. साहेब घाटावरचे, मालवणी ओ की ठो कळत नव्हती, पण भक्ती उतू चाललेली. सर्वांत मोठा आवाज त्यांचाच.

"बा देवा म्हाराजा! ह्या सायबान तुका शबुद दिल्यान हा, उरलेल्या चिपयेक हात लावूचो नाय..."

"होय महाराजा!" साहेब गरजले.

"आणि जो कोयतो लावीत, तेका तू बघून घे!"

"होय महाराजा!"

नारळ फुटला. मजूर गावचेच; त्यांनी कोयते खाली ठेवले.

"अरे, कामाला लागा!"

"सायबानू, देवाक शबुद तुमी दिल्यात. आता कोयतो कोण लावतलो?" एक मजूर म्हणाला. वसंताने साहेबांना त्याचा अर्थ सांगितला.

"मी? कधी?"

"आत्ताच. सगळ्या गावासमोर," आबा म्हणाले आणि त्यांनी साहेबांच्या हातावर खोबरं ठेवलं.

साहेब लालबुंद झाले. जीपमधून दुसरे मजूर आणायच्या गोष्टी बोलले, पण स्वतः मात्र चिपीपासून चार हात लांबच उभे राहिले. शेवटी रोपं शाळेच्या आवारात लागली. फोटो निघाले, म्हणजे काम झालंच!

निघताना मी काकीला म्हणालो, "पुढच्या वर्षी दुसरा साहेब आला तर?"

"येवंदे. सायबाची बदली होता रे, देवाची खंय होता?"

पुण्यात हा किस्सा सांगितला की सगळे पोट धरून हसतात. मीही हसतो. पण आबा आता काठी टेकत चालतात, गावातले तरुण सगळे मुंबईला, आणि आबांच्या मागे गाऱ्हाणं घालायला शिकलेला एकही माणूस आरोंद्यात उरलेला नाही.