फक्त मराठीत सांगितलेलं

इथे आखातात, खलिफा सिटीतल्या आमच्या क्लिनिकमध्ये नर्सच्या ड्यूट्या मी लावते. मॅनेजर पुण्याचे. एकदा केनियाची नर्स माझ्या टेबलापाशीच उभी असताना ते हसतमुखाने मला म्हणाले, "हिला व्हीआयपी पेशंटकडे पाठवू नकोस. काळी नर्स बघून लोक बिचकतात. आणि हे कुठे लिहू नकोस." मराठीत म्हणाले, म्हणून अगदी निर्धास्त.

ते गेल्यावर तिने विचारलं, काय म्हणाले? मी सांगून टाकलं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे खरंच, पण तेव्हा संताप झाला होता.

पुढे, तुझ्याकडे पेशंटच नाहीत असं कारण देऊन तिला कामावरून काढल्याची नोटीस मिळाली. तिने कामगार कार्यालयात तक्रार केली. रंगावरून भेदभाव करायला इथे कायद्याने बंदी आहे, पण सिद्ध कसं करायचं? ऐकून समजलेली मी एकटी. साक्ष देशील का, तिने विचारलं. मी सवयीने इन्शाल्ला म्हणाले. ती म्हणाली, "ते नको. यस ऑर नो?"

नवऱ्याची नोकरी नुकतीच गेलेली, सगळं घर माझ्या व्हिसावर. तो म्हणाला, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. मला त्या म्हणीचाच राग आला. माझ्या बाबांची निम्मी हयात त्या पायऱ्या चढण्यात गेली. आमच्या वस्तीवरच्या अत्याचाराच्या केसमध्ये साक्षीदार ऐनवेळी फिरू नयेत म्हणून ते घरोघर जाऊन बसायचे. इंग्रजीचं अक्षर येत नसताना समाजमंदिरात अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या लढ्यावर तास तास बोलायचे. ती आपलीच माणसं, म्हणायचे. आडनावावरून माझी जात कळत नाही, म्हणून मॅनेजरही मला 'आपल्यातली' म्हणतात. तो आठवडाभर माझं कशात लक्ष लागेना. आमटीत दोनदा मीठ पडलं, लेकीवर उगाच खेकसले. भीती वाटत होती आणि भीती वाटते याचीच चीड येत होती.

शेवटी तिला हो म्हणाले आणि कामगार कार्यालयात गेले.

अधिकाऱ्यांना हिंदी कामापुरती येत होती. त्यांनी मला ते वाक्य आधी मराठीत म्हणायला लावलं, मग हिंदीत. नर्स शेजारी मान ताठ ठेवून बसली होती, मॅनेजर समोरच्या खुर्चीत. तिच्यासमोर 'काली' म्हणताना माझी जीभ अडखळली, तरी म्हणाले.

तेवढ्यात समोरून मॅनेजर हळूच, अगदी मायेने, मराठीत म्हणाले, "उद्या तुझा व्हिसा कॅन्सल झाला तर सगळ्यांना घेऊन कुठे जाशील? आपल्या माणसासारखं सांगतोय."

अधिकाऱ्यांनी मान वर केली. माझ्याकडे बघून विचारलं, "अभी क्या बोला?"

मॅनेजर माझ्याकडे बघत राहिले. मी तेही हिंदीत सांगितलं, एकही शब्द न गाळता.