घड्याळ दुरुस्त होईपर्यंत

नागपुरात नंदनवन भागातल्या आमच्या घरात एसी एकच आहे आणि तो माणसांसाठी नाही. खालच्या खोलीत माझं कॅलिब्रेशनचं काम चालतं. कारखान्यांतून आलेली मायक्रोमीटर, व्हर्नियर, डायल गेज अशी मापं घ्यायची यंत्रं तपासायची, दुरुस्त करायची आणि कोण किती खोटं बोलतो ते लिहून द्यायचं. लोखंड उष्णतेनं फुगतं, म्हणून त्या खोलीत बारा महिने वीस अंश. वर मे महिन्यात बायको कूलरसमोर ओला पंचा डोक्यावर घेऊन बसते आणि म्हणते, पुढच्या जन्मी मला या घरात मायक्रोमीटर कर देवा.

सासरे पारशिवनीला राहत. सासूबाई गेल्यावर एकटेच. मग एकदा अंगणात घसरून पडले. पाय वाचला, पण बायकोची झोप उडाली. ती त्यांची एकुलती एक. आम्ही सुट्टी मिळाली की त्यांना आणायला जायचो आणि नुसतं जेवून परत यायचो. ते म्हणायचे, "पोरीच्या घरी बाप राहते का कुठं? चार लोक काय म्हणतीन?" हे चार लोक कोण, ते मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही कळलेलं नाही.

शेवटी त्यांच्या भिंतीवरचं जुनं लोलकाचं घड्याळ बंद पडलं आणि आमच्या मदतीला आलं. मी म्हटलं, हे काम इथं होणार नाही, नागपूरला न्यावं लागेल. आणि एवढी जुनी वस्तू माझ्या एकट्याच्या भरवशावर सोडू नका. सासरे विचारात पडले. "घडी सुधरेपर्यंत राहतो," म्हणाले, "मंग चाललो मी." घड्याळ गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतलं आणि गाडीत बसले. घड्याळापाशी राहणं म्हणजे पोरीकडे राहणं नव्हे, एवढी पळवाट त्या चार लोकांनी ठेवली असावी.

खोलून पाहिलं तर काही नाही, जुनं तेल घट्ट झालेलं. एका दुपारचं काम. मी ब्रश हातात घेतला तोच बायको जिना उतरून आली. "सुधरवून तर पाहा," एवढंच म्हणाली.

तर मिलिमीटरच्या हजाराव्या भागावरून कारखानदारांशी हुज्जत घालणारा मी रोज चहाच्या वेळी थापा मारू लागलो. चाक झिजलंय. पार्ट कोलकात्याहून यायचाय. कोलकात्याला पूजेच्या सुट्ट्या आहेत. सासरे मान हलवत आणि दुपारी शाल पांघरून माझ्या थंडगार खोलीत पेपर वाचत बसत. तिथवर ठीक होतं. पण मग ते गिऱ्हाइकांशी बोलू लागले. "काय आणलं? नापाचं यंत्र? द्या, द्या. माह्यी घडी तं दसऱ्यापासून सुधरवून राहिले जवाईबापू." गिऱ्हाईक माझ्याकडे बघायचं, मग हातातल्या मायक्रोमीटरच्या डबीकडे बघायचं आणि डबी जरा घट्ट धरायचं.

एके दिवशी एक जण 'पुन्हा येतो' म्हणून डबीसकट परत गेला आणि माझं डोकं फिरलं. बायको बाजारात गेली होती. मी घड्याळ खोललं, धुतलं, तेल दिलं आणि स्पिरिट लेव्हल लावून भिंतीवर सरळ टांगलं. टकटक सुरू. सासरे बराच वेळ ऐकत उभे राहिले. "झालं मंग," म्हणाले, आणि पिशवी भरायला वर गेले. आपण काय करून बसलो ते मला तेव्हा कळलं. बायकोनं भरलेली पिशवी पाहिली आणि माझ्याशी बोलणं बंद केलं.

सकाळी घड्याळ बंद. लेव्हल लावली तर बुडबुडा एका बाजूला. असं घड्याळ जरा तिरकं झालं की टकटक लंगडी पडते आणि थोड्या वेळानं लोलक थांबतो. मी ते सरळ केलं. जरा वेळानं पाहतो तर पुन्हा तिरकं, पुन्हा बंद. हे बायकोचं काम, याबद्दल मला शंका नव्हती. पण तिनं माझ्या पोह्यांवर न मागता तर्री ओतली आणि हळूच म्हणाली, "बरं केलं तुम्ही." म्हणजे तिला ते माझं काम वाटत होतं.

मी पुन्हा घड्याळ सरळ केलं आणि दाराआड थांबलो. सासरे खुर्चीतून उठले. काठीच्या टोकानं घड्याळाचा खालचा कोपरा सरकवला, कान देऊन ऐकलं, मग आणखी एक केसभर सरकवला. हात जराही हलला नाही. परत येऊन बसले आणि पेपर उघडला. एवढा ताठ माणूस. 'मला राहू द्या' एवढं म्हणायचं होतं त्यांना.

मी खोकून आत गेलो.

"थांबली वाटते पुन्हा," ते पेपराआडून म्हणाले.

"हो. कोलकात्याचा पार्टच लागेल."

"किती रोज लागतीन?"

"काही सांगता येत नाही."

त्यांनी पान उलटलं. "मंग पोरीले म्हणा, माह्यी पिशवी रिकामी करून ठेव."