पालथं पडून ऐकलेला प्रोग्राम

डोळ्याचा पडदा सरकला म्हणून ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडून सांगितलं, दहा दिवस पालथं पडायचं. जेवण-अंघोळ सोडली तर तोंड जमिनीकडे. जन्मभर स्क्रीनकडे बघितलं, आता फरशीकडे बघा. बघा म्हणायचं आपलं, डोळे मिटलेलेच. मिटल्या डोळ्यात एक हिरवट उजेड असे आणि त्यात तो बुडबुडा हळूहळू डुलत असे. दुपारी मी जागी आहे की झोपेत, माझं मलाच कळत नसे. आमच्या नाशिकरोडच्या घरात गाड्यांचे भोंगे ऐकू येतात, तेही पाण्याखालून आल्यासारखे वाटत.

अशात सिन्नरच्या कारखान्यातून फोन आला. तिथली लोखंड तापवायची भट्टी माझ्या प्रोग्रामवर चालते, अजूनही. नोकरीला लागल्यावर लिहिलेला तो माझा पहिला मोठा प्रोग्राम. आता त्यांनी मशीन नवं आणलं, आणि भट्टी तापते, पण विझायचं नाव घेत नाही. तिथल्या नव्या लोकांनी तीन दिवस डोकं फोडलं. फोडणारच! हल्ली प्रोग्राम लिहितो कोण? यंत्राला विचारायचं आणि आणून चिकटवायचं. का चाललं तेच ठाऊक नसतं, मग का बंद पडलं ते कुठून कळणार? माझा पारा चढला आणि त्या भरात मी म्हणून बसले, पाठवा, बघते.

बघणार कशानं, कपाळानं? शेवटी ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि म्हणाले, मी वाचतो, तू ऐक.

हे मूळचे मनमाडचे, रेल्वेत गार्ड होते. गाडी कुठल्या स्टेशनात किती मिनिटं थांबली, हे सगळं लिहून ठेवण्यात त्यांची नोकरी गेली. प्रोग्रामिंगमधलं त्यांना ओ की ठो कळत नाही, आणि तेच बरं झालं. कळणारा माणूस पुढचं गृहीत धरून वाचतो. हे कंस आला की 'कंस उघडला' म्हणत, अर्धविराम आला की 'अर्धविराम'. पहिल्या दिवशी मी वैतागले, जरा भरभर वाचा म्हटलं. ह्यांनी चष्मा पुसला आणि त्याच चालीनं पुढं सुरू केलं.

दुसऱ्या दुपारपासून मात्र मला ते फार गोड वाटायला लागलं. हे एकेक ओळ वाचत आणि ती माझ्या अंधारात आपोआप जागेवर जाऊन बसे. मधेच डोळा लागे. मग त्या ओळींमधून मीच चालत असे, तिशीतली, खांद्याला पर्स, हातात सासूबाईंनी भरून दिलेला डबा. मुलं त्यांच्यापाशी ठेवून मी सिन्नरची बस धरायची. बाई असून मशीनची कामं करते, म्हणून नातेवाईक नाकं मुरडत. सासूबाई म्हणायच्या, तू जा. त्या होत्या म्हणून मी प्रोग्रामर झाले, हे मी कुणालाही छातीठोक सांगते.

तिसऱ्या दिवशी चहा झाल्यावर हे म्हणाले, आता भट्टीचा भाग आला.

माझी एक शिस्त होती. कुठलीही ओळ बदलली की तिच्याच शेवटी तारीख, वेळ आणि कारण लिहायचं. दुसऱ्यांना मी त्यावरून किती झापलंय! त्या भट्टीच्या भागात एक ओळ होती, आणि तिच्यापुढं सासूबाई गेल्या त्या दिवसाची तारीख होती. वेळ, दुपारी तीन दहा.

त्या दिवशी सकाळी दहालाच निरोप आला होता. मनमाडच्या रेल्वे दवाखान्यात त्या माझी वाट बघत होत्या. इकडं सिन्नरला भट्टी पहिल्यांदाच पेटलेली. अर्ध्या तासात निघते, मी म्हणाले, आणि सव्वातीनला निघाले. पोचले तेव्हा सगळं संपलेलं होतं. ह्यांना सांगितलं, निफाडपुढं बस बंद पडली. तेव्हापासून आजतागायत तेच सांगत आले, मुलांनासुद्धा. त्याची लाज वाटते मला.

हे वाचत होते. भट्टी पेटव. उष्णता मोज. पुढं ह्यांनी वाचलं, वेळ संपली की भट्टी विझव.

ती ओळ आलीच नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण घड्याळ सुरू करणारी ओळ तीच होती. तिच्याशिवाय वेळ संपणार कशी? चूक असेल तर तिथंच असणार, आणि ती ऐकल्याशिवाय मला सापडणार नव्हती.

"एक ओळ राहिली," मी फरशीला म्हटलं.

"राहिली नाही. मी सोडली."

मग त्यांनी ती वाचली. तारीख वाचली, वेळ वाचली, कारणही वाचलं. चूक मला तिथल्या तिथं कळली. ज्या खुणेवर ते घड्याळ सुरू व्हायचं, ती खूण नवं मशीन देतच नव्हतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"बस बंद पडली नव्हती," मी म्हणाले.

"माहीत आहे."

त्यांनी त्या दिवशी बाराला कारखान्यात फोन केला होता. मॅडम भट्टीपाशी आहेत, येणार नाहीत फोनवर, असं उत्तर मिळालं. परत आईच्या खाटेपाशी गेले तर तिनं विचारलं, सून कुठं राहिली? हे म्हणाले, निघालीय, बसमध्ये आहे.

"संध्याकाळी तू येऊन बसचंच सांगितलंस," हे म्हणाले. "मला बरंच वाटलं. आईला सांगितलेलं खोटं राहिलं नाही."

मला हुंदका आवरेना. डोळ्याला हात लावायचा नाही, म्हणून पाणी सरळ खाली गळत राहिलं. त्यावर सासूबाई काय म्हणाल्या, एवढंच कसंबसं विचारलं.

ह्यांनी लॅपटॉप मिटल्याचा आवाज आला.

"हसली. म्हणाली, बसमधी झोपली असंल. लय दमती ती. झोपू दे."